फोन कोणाचा, निरोप काय? : व्हॉइस मोडेमची पारख

पुण्याच्या रविवार पेठेत, भवानी पेठेत किंवा मार्केट यार्डात अजूनही अशी दुकाने आहेत, ज्यांच्या बिलबुकावर ०२० ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक छापलेला असतो. घरातील प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, तरी पेढीचा क्रमांक तोच राहिला. बार्शी, लातूर, सोलापूर येथील जुन्या व्यापाऱ्यांना तो पाठ असतो. पुण्याचा एसटीडी क्रमांक ०२१२ होता, तेव्हापासून शेवटचे आकडे तेच आहेत. घरातील ज्येष्ठांचेही असेच असते. त्यांच्या बहिणी, व्याही, जुने शेजारी लँडलाइनवरच फोन करतात आणि तो फोन उचलणे त्यांना मोबाइलच्या पडद्याशी झगडण्यापेक्षा सोपे वाटते.

या फोनला मात्र दोन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. फोन कोणाचा आहे, हे उचलण्यापूर्वी कळत नाही. आणि उचलला गेला नाही, तर समोरच्याला काय सांगायचे होते, तेही कळत नाही. दुकान बंद असताना बार्शीहून आलेली मालाची मागणी, दवाखान्यातून आलेला निरोप, सामायिकाच्या ४८ मिनिटांत वाजून थांबलेला मुलीचा फोन, हे सारे हवेत विरून जाते. कॅसेटवर निरोप टिपून घेणारी यंत्रे एके काळी काही घरांत होती. आता ती बाजारात सहज मिळत नाहीत. अशा वेळी संगणकाला जोडावयाचा व्हॉइस मोडेम हा पर्याय पुढे येतो. तो फोन करणाऱ्याचा क्रमांक नोंदवतो, ठरावीक घंट्यांनंतर फोन घेतो, आपल्या आवाजातील सूचना ऐकवतो आणि निरोप संगणकात साठवतो.

निदान खोक्यावर तसे लिहिलेले असते. ते लिहिणे खोटे नसते. पण ते बहुधा दुसऱ्या देशाच्या टेलिफोन लाइनविषयी खरे असते. म्हणून व्हॉइस मोडेमची पारख खोक्यावरून नव्हे, तर आपल्या घरच्या लाइनवर करावी लागते. ती कशी करावी, याचा हा विचार.

मोडेमचे मूळ काम

मोडेम हा संगणकाचा दुभाषा आहे. संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात. टेलिफोनच्या तारेला फक्त आवाज कळतो. संगणकाच्या खुणांचे सुरांत आणि सुरांचे पुन्हा खुणांत रूपांतर करणे, हे त्याचे काम. अमेरिकेत १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि त्याच्यासोबत आज्ञांची एक भाषा रूढ झाली. तिची प्रत्येक आज्ञा ‘एटी’ या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. ‘लक्ष दे’ एवढाच त्याचा अर्थ. चाळीस वर्षांनंतरही मोडेमला हीच भाषा कळते, ही परीक्षकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले आणि त्यानंतर मोडेम हा शब्द पुण्यातील घराघरांत पोहोचला. फोन लावल्यावर येणारा तो घरघर आणि किंचाळीचा आवाज अनेकांना आठवत असेल. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा आली, त्यानंतर जुने मोडेम कपाटात गेले. त्यांतील काहींत आवाज टिपण्याची सोय होती. पण इंटरनेटच्या घाईत तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. आज काही घरांत पडून असलेला असा मोडेम पुन्हा उपयोगी पडू शकतो. नवा घ्यायचा, तर यूएसबीला जोडायचा छोटा मोडेम मिळतो; मात्र त्यांतील बरेच फक्त डेटा आणि फॅक्स एवढेच जाणतात. आवाजाची सोय आहे की नाही, हे विचारूनच घ्यावे.

क्रमांक नेमका केव्हा येतो

पारखीतील पहिला आणि सर्वांत फसवा भाग येथे आहे. फोन करणाऱ्याचा क्रमांक एक्स्चेंजकडून आपल्या घरी येतो, तो कोणत्याही वेगळ्या तारेने नव्हे, तर त्याच दोन तारांवरून, आवाजाच्याच रूपाने येतो. तो कोणत्या क्षणी आणि कोणत्या सुरांत पाठवायचा, याचे संकेत देशोदेशी वेगळे आहेत.

अमेरिकन पद्धतीत पहिली घंटा वाजते, मग थोडी शांतता असते आणि त्या शांततेत क्रमांक येतो. १२०० आणि २२०० हर्ट्‌झ या दोन सुरांच्या झपाट्याने होणाऱ्या अदलाबदलीतून, सेकंदाला १२०० खुणा या वेगाने तो पाठवला जातो. तारीख, वेळ आणि काही ठिकाणी नावही त्यात असते. ही एफएसके पद्धत होय.

भारतातील तांब्याच्या लाइनवर बहुधा दुसरी रीत आढळते. घंटा वाजण्यापूर्वी एक्स्चेंज तारांची धन-ऋण बाजू क्षणभर उलट करते आणि लगेच क्रमांकाचे आकडे डीटीएमएफ सुरांत पाठवते. हे तेच सूर, जे बटणाच्या फोनवर आकडा दाबताना ऐकू येतात. प्रत्येक आकड्यासाठी दोन सूर एकाच वेळी वाजतात. त्यानंतर पहिली घंटा वाजते. म्हणजे अमेरिकन सवयीचा मोडेम जेव्हा कान टवकारून बसतो, तेव्हा आपल्याकडे निरोप येऊन गेलेला असतो. मोडेम बिघडलेला नसतो. तो चुकीच्या वेळी ऐकत असतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. डीटीएमएफ पद्धतीत फक्त आकडे पाठवता येतात, नाव पाठवता येत नाही. त्यामुळे अशा लाइनवर मोडेमने नाव दाखवावे, ही अपेक्षाच चुकीची ठरते. नाव दिसायचे, तर ते संगणकातील आपल्या यादीशी क्रमांक जुळवूनच.

म्हणून दुकानदाराला ‘कॉलर आयडी आहे का?’ असे विचारून भागत नाही. ‘डीटीएमएफ कॉलर आयडी, घंटेच्या आधीचा, ओळखतो का?’ असे विचारावे. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या बाजारात हा प्रश्न समजणारे कारागीर भेटतात. उत्तर नक्की मिळाले नाही, तर ‘न चालल्यास परत घ्याल का?’ हा दुसरा प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे.

घरी करावयाची पहिली परीक्षा

मोडेम जोडण्यापूर्वी साधा कॉलर आयडीचा फोन त्याच लाइनवर लावून पाहावा. त्यावर क्रमांक उमटत नसेल, तर दोष मोडेमचा नाही. ती सुविधा आपल्या जोडणीवर सुरू झालेली नाही, असे समजून प्रथम टेलिफोन कार्यालयात अर्ज करावा. क्रमांक उमटत असेल, तर तो घंटेच्या आधी उमटतो की पहिल्या घंटेनंतर, हे नीट पाहावे. घंटेच्या आधी उमटला, तर लाइन डीटीएमएफची असण्याची शक्यता मोठी. या एका निरीक्षणाने पुढचा अर्धा खटाटोप वाचतो.

त्यानंतर मोडेम जोडून संगणकावर टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडावा आणि मोडेमला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, ‘तू कोण?’ हा. ‘एटीआय’ आणि त्यापुढे एखादा आकडा दिला, की मोडेम आपल्या आतील चिपची माहिती देतो. खोक्यावर कोणाचेही नाव असले, तरी आतील चिप थोड्याच कंपन्यांच्या असतात. रॉकवेलच्या चिपचा व्यवसाय १९९९ पासून कोनेक्झंट या नावाने चालू लागला. ल्यूसेंटच्या चिपही पुष्कळ मोडेममध्ये होत्या. प्रोग्रॅम निवडताना खोक्यावरचे नाव नव्हे, तर ही चिप पाहावी लागते.

दुसरा प्रश्न, ‘तुला काय काय येते?’ हा. ‘एटी’, अधिकचिन्ह, ‘एफक्लास’, बरोबरचे चिन्ह आणि प्रश्नचिन्ह असे लिहिले, की उत्तरात काही आकडे येतात. ० म्हणजे डेटा, १ किंवा २ म्हणजे फॅक्स, ८ म्हणजे आवाज. उत्तरात ८ नसेल, तर परीक्षा येथेच संपवावी. तो मोडेम निरोप घेऊ शकणार नाही.

तिसरा प्रश्न कॉलर आयडीचा. ‘एटी+व्हीसीआयडी=१’ ही आज्ञा दिल्यावर ‘ओके’ असे उत्तर यावयास हवे. जुन्या रॉकवेल चिपला हीच आज्ञा ‘एटी#सीआयडी=१’ अशी द्यावी लागते. ‘ओके’ आल्याने सोय आहे एवढेच कळते; ती आपल्या लाइनवर चालते की नाही, हे फोन आल्यावरच कळते.

चौथा प्रश्न देशाचा. अनेक मोडेमना कोणत्या देशाच्या रीतीने वागायचे, हे सांगण्याची आज्ञा असते. कारखान्यातून निघताना तो बहुधा अमेरिकेवर ठेवलेला असतो. यादीत भारत असेल, तर तो निवडावा. काही मोडेम एवढ्या एका बदलाने क्रमांक दाखवू लागतात.

आता फोन करवून घ्यावेत, आणि तेही चार प्रकारांनी : पुण्यातील लँडलाइनवरून, परगावच्या लँडलाइनवरून, मोबाइलवरून आणि नातेवाईक परदेशी असल्यास तेथून. प्रत्येक वेळी पडद्यावर काय उमटते, ते कागदावर लिहून घ्यावे. पुण्याचा क्रमांक आठ आकडी येईल किंवा ०२० सह येईल. सोलापूरच्या क्रमांकामागे ०२१७ हवे. त्यातील शून्य कधी गळून पडते. मोबाइलचे दहा आकडे शून्यासह येतात की शून्याविना, हे पाहावे. एकाच माणसाचा क्रमांक दोन रूपांत नोंदला गेला, तर संगणक त्याला दोन माणसे समजतो. उलट फोन लावतानाही ही काळजी घ्यावी : १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले आहे.

एका परीक्षेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. संगणक तासभर न वापरता ठेवावा आणि मग फोन करवावा. वीज वाचवण्यासाठी संगणक झोपी जातो, यूएसबीची जोडणीही झोपते. क्रमांक घंटेच्या आधीच येऊन जात असल्याने झोपलेल्या संगणकाला घंटेने जाग आली, तरी क्रमांक हुकलेला असतो. त्यामुळे यूएसबीची ही झोप संगणकाच्या सेटिंगमधून बंद करावी लागते.

निरोपातील आकडा ऐकू येतो का

टेलिफोनची तार माणसाचा पूर्ण आवाज वाहून नेत नाही. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा ती नेते. बोलणे कळण्यास तो पुरेसा आहे, पण स, श, फ यांसारखे श्वासाचे वर्ण त्यात पुसट होतात. प्रत्यक्ष संभाषणात ‘काय म्हणालात?’ असे विचारता येते. ठेवलेल्या निरोपाला मात्र काहीच विचारता येत नाही.

मराठी आकड्यांची जातकुळी पाहता ही बाब किरकोळ नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी हे आकडे पुसट आवाजात एकमेकांच्या जवळ येतात. क्विंटलच्या भावात किंवा पोत्यांच्या संख्येत असा एक घोळ झाला, तर नुकसान पैशांपुरते राहत नाही. ‘आपण तसे म्हणालोच नव्हतो’ या वाक्याने वर्षानुवर्षांचा विश्वास दुखावतो.

म्हणून आवाजाची परीक्षा ‘हॅलो, हॅलो’ म्हणून घेऊ नये. तिघांना फोन करावयास सांगावे : एक ज्येष्ठ, एक मूल आणि एक रस्त्यावरून मोबाइलवर बोलणारी व्यक्ती. प्रत्येकाने दहा कठीण आकडे वाचून दाखवावेत. ते आकडे ज्याला आधी ठाऊक नाहीत, अशा घरातील माणसाने निरोप ऐकून लिहून काढावेत. दहापैकी दहा जुळले, तर मोडेम उत्तीर्ण.

आकडे चुकू लागले, तर मोडेम फेकण्यापूर्वी आवाज साठवण्याची रीत तपासावी. काही प्रोग्रॅम जागा वाचवण्यासाठी आवाज फार दाबतात. पूर्वी डिस्क लहान होत्या, तेव्हा त्याला अर्थ होता. आज हिशेब अगदी साधा आहे. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना एका बाइटचा, म्हणजे एका मिनिटाचा निरोप ४,८०,००० बाइटचा. दिवसाला ४० सेकंदांचे ३० निरोप आले, तरी होतात २० मिनिटे, म्हणजे ९६ लाख बाइट. सुमारे दहा मेगाबाइट. साध्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये असे चार वर्षांहून अधिक काळाचे निरोप मावतील. आवाज दाबण्याचे काहीच कारण उरत नाही.

समोरच्याने फोन ठेवल्याचे कळते का

निरोप सांगून झाला, समोरच्याने फोन ठेवला. आता मोडेमनेही लाइन सोडावयास हवी. त्याला हे कळते कसे? एक्स्चेंज लाइनवर व्यग्रतेचा सूर पाठवते, तो ऐकून. भारतात हा सूर ४०० हर्ट्‌झचा असतो. पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्‌झ हे दोन सूर एकत्र वाजतात आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चालू-बंद होतात. अमेरिकन सुराची वाट पाहणारा मोडेम आपल्या सुराला माणसाचा आवाज समजतो आणि टिपत राहतो.

परिणाम दोन होतात. प्रत्येक निरोपाच्या शेवटी ‘टूं-टूं’चे लांबलचक शेपूट लागते, हे सोसता येते. दुसरा परिणाम सोसण्यासारखा नाही : तेवढा वेळ लाइन अडकून पडते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला फोन व्यग्र लागतो. निरोप हुकू नयेत म्हणून आणलेले यंत्रच निरोप अडवू लागते.

ही परीक्षा घड्याळ लावून घ्यावी. निरोप ठेवून फोन बंद करावा आणि किती सेकंदांनी लाइन मोकळी होते, ते पाहावे. दहा-पंधरा सेकंदांत मोकळी झाली, तर उत्तम. न झाल्यास देशाची निवड तपासावी, शांतता ओळखून फोन ठेवण्याची सोय चालू करावी आणि शेवटचा उपाय म्हणून निरोपाची कमाल मर्यादा एक मिनिटावर ठेवावी. ही मर्यादा सूचनेत सांगितली, तर बोलणाराही मुद्द्याचे बोलतो.

तांब्याची तार, ब्रॉडबँड आणि फायबर

त्याच तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड असेल, तर व्हॉइस मोडेम फिल्टरच्या पलीकडे, फोनच्या बाजूला जोडावा. थेट जोडल्यास निरोपात सतत सूंऽऽ असा आवाज येतो आणि इंटरनेटही तुटू लागते. एका लाइनवर चार-पाच यंत्रे लावली, तर घंटा क्षीण होते. मोडेम जोडल्यावर जुना फोन नीट वाजत नसेल, तर एखादे यंत्र काढून पाहावे. पावसाळ्यात विजा कडाडत असताना टेलिफोनची पिन काढून ठेवणे शहाणपणाचे. तारेवरून आलेला झटका मोडेमपाशी थांबेलच असे नाही. तो संगणकापर्यंत जाऊ शकतो. या दृष्टीने संगणकाच्या आत बसणाऱ्या कार्डापेक्षा बाहेरचा मोडेम बरा.

अनेक घरांची लँडलाइन आता फायबरवर गेली आहे. क्रमांक जुनाच, फोनही जुनाच. पण फोनची तार भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात जाते. अशा घरी घंटा आणि क्रमांकाचे सूर एक्स्चेंज नव्हे, तर तो डबाच तयार करतो. तांब्यावर नापास झालेला मोडेम येथे उत्तीर्ण होऊ शकतो, आणि उलटही. म्हणून लाइन बदलली, की परीक्षा पुन्हा घ्यावी. आणखी एक फरक ज्येष्ठांच्या घरी ध्यानात ठेवावा : तांब्याच्या फोनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळे, त्यामुळे घरची वीज गेली तरी तो चाले. फायबरचा डबा विजेवर चालतो. डब्याला बॅटरी जोडली नसेल, तर वीज गेल्यावर फोनही जातो आणि निरोप घेणारा संगणकही.

चालवण्याचा खर्च

मोडेमची किंमत एकदाच द्यावी लागते; संगणक मात्र रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. साधा डेस्कटॉप ६० वॉट घेत असेल, तर दिवसाला जवळजवळ दीड युनिट आणि महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. केवळ निरोपांसाठी एवढी वीज जाळणे योग्य नव्हे. हेच काम तळहातावर मावणारा, ५ वॉटचा छोटा संगणक करू शकतो. त्याला महिन्याला चार युनिटही लागत नाहीत. मात्र असे छोटे संगणक बहुधा लिनक्सवर चालतात आणि काही मोडेमचे निम्मे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवलेले असते. असे मोडेम तेथे मुके ठरतात. स्वतःचे काम स्वतः करणारा मोडेम निवडला, तरच हा स्वस्त मार्ग खुला होतो.

क्रमांक दिसला म्हणजे माणूस कळला का

मोडेमने सर्व परीक्षा पार केल्या, तरी एक मर्यादा त्याच्या हातात नाही. तो एक्स्चेंजने पाठवलेला क्रमांक दाखवतो. तो क्रमांक खरा आहे, याची हमी देत नाही. परदेशातून फोन करून भारतीय क्रमांक दाखवण्याची लबाडी इतकी वाढली, की ती रोखण्यासाठी केंद्र सरकारला ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतंत्र यंत्रणा सुरू करावी लागली. पोलीस किंवा सीबीआय असल्याचे भासवून ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगून ज्येष्ठांची आयुष्यभराची बचत लुटली जाते. कायद्यात अशी अटकच नाही. ही लूट ओळखीच्या अभावापेक्षा भीतीवर आणि घाईवर चालते. फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका, आत्ताच पैसे पाठवा, हे तिचे सूत्र.

येथे निरोप घेणारे यंत्र कॉलर आयडीपेक्षा अधिक उपयोगी पडते. घरात एकटे असलेल्या आजोबांनी अनोळखी क्रमांक उचलायचाच नाही, निरोप येऊ द्यायचा, असा नियम घराने केला, तर घाई मोडते. खरे काम असणारा निरोप ठेवतो. लबाडाला समोर घाबरणारा माणूस हवा असतो. यंत्र घाबरत नाही. संध्याकाळी मुलगा, सून किंवा नातू आल्यावर सर्वांनी मिळून निरोप ऐकावेत. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. नकोसे जाहिरातीचे फोन थांबवण्यासाठी १९०९ वर नोंदणी करावी. जाहिरातींसाठी १४० ने आणि बँकांसारख्या वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवली आहे, हे यादीजवळ लिहून ठेवावे.

घरच्या नियमाची दुसरी बाजू फोन करणाऱ्याविषयीची आहे. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा व्यक्तीच्या खासगी जीवनाचा भाग मानला. सूचना ऐकून कोणी आपणहून निरोप ठेवतो, ही त्याची संमती असते. पण तोच मोडेम चालू संभाषणही गुपचूप टिपू शकतो. ते करू नये. निरोप ही कोणीतरी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. ज्याच्यासाठी आहे त्याला ती द्यावी, काम झाल्यावर पुसून टाकावी, आणि विहिणीच्या किंवा गिऱ्हाइकाच्या खासगी गोष्टी दुकानातील साऱ्यांसमोर स्पीकरवर वाजवू नयेत.

सूचनाही विचारपूर्वक ध्वनिमुद्रित करावी. ‘नमस्कार. आत्ता फोन घेता येत नाही. सूर वाजल्यावर आपले नाव, गाव आणि काम सांगावे. आकडे एकेक करून दोनदा सांगावेत. एक मिनिट वेळ आहे.’ एवढे पुरे. ‘आम्ही गावाला गेलो आहोत’ किंवा ‘घरी फक्त आई आहे’ असे कधीही सांगू नये. ते चोरासाठी आमंत्रण ठरते. घरातील ज्येष्ठांच्या आवाजात ही सूचना असली, तर जुन्या माणसांना यंत्राशी बोलण्याचा संकोच कमी वाटतो.

घ्यावा की न घ्यावा

ज्या घराला फक्त क्रमांक पाहायचा आहे, त्याने मोडेमच्या वाटेला जाऊ नये. कॉलर आयडीचा साधा फोन ते काम कमी कटकटीत करतो. ज्यांचे सर्व नातेवाईक आणि व्यवहार मोबाइलवर गेले आहेत, त्यांनाही त्याची गरज नाही. पण जुन्या क्रमांकावर मागण्या येणारी पेढी, दिवसभर एकटे राहणारे ज्येष्ठ, ठरावीक वेळीच कोणी हजर असणारे संस्थेचे कार्यालय, यांना व्हॉइस मोडेम खरोखर उपयोगी आहे. कोणाचा फोन केव्हा आला आणि तो काय म्हणाला, याची तारीखवार नोंद दुसरे कोणतेही स्वस्त साधन इतक्या नीटपणे ठेवत नाही.

घ्यायचे ठरल्यास दोन आठवड्यांची कसोटी लावावी. मोडेम जोडावा, पण त्याच्यावर विसंबू नये. शेजारी वही ठेवावी. आलेला प्रत्येक फोन वहीत लिहावा आणि रोज रात्री संगणकाच्या नोंदीशी ताडून पाहावा. किती क्रमांक हुकले, किती निरोप अर्धे राहिले, किती वेळा लाइन अडकली, हे दोन आठवड्यांत स्वच्छ दिसते. परत करण्याची मुदत त्याहून मोठी मागून घ्यावी. रोजमेळ ताडून पाहण्याची सवय असलेल्या घरांना हे काम अवघड नाही.